मधल्या जिनाचा भोंगा

हुबळीच्या स्टेशनापलीकडच्या रस्त्यावर त्या काळी तीन जीन होते. जीन म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना, हे आता सांगावं लागतं. तेव्हा आमच्या गल्लीतलं रांगतं पोरही ते जाणत होतं. संक्रांत सरली की नवलगुंद, अण्णिगेरीकडून कापसाच्या बैलगाड्या यायला लागायच्या आणि उन्हाळाभर गावावर रुईचे तंतू उडत राहायचे. ते आमच्या आमटीतही सापडत. मी मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि नाकाला पदर लावून पाढे म्हणून घेत होते.

घरात मी आणि अक्का, दोघीच. अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर तिनं जे केलं ते त्या काळी बायका करत नसत. धारवाडला तिचे थोरले दीर नावाजलेले वकील होते, घर मोठं होतं, माणसं भली होती. विधवा भावजयीला ठेवून घेण्यात त्यांना जड काहीच नव्हतं, उलट स्वयंपाकघराला दोन हक्काचे हात मिळाले होते. अक्का तिथं दीड वर्ष राहिली आणि एक दिवस ट्रंक घेऊन हुबळीला माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "तिथं मला कोणी वाईट वागवत नाहीत गं. पण सकाळी उठून काय करायचं ते रोज दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं." आईवडील मागेच गेले होते. त्यांचं लहानसं घर आणि परसातला गोठा एवढाच आमचा संसार. अक्कानं माहेरच्या पाटल्या मोडून दोन म्हशी घेतल्या, त्यांच्या पुढं चार झाल्या.

तिच्या सगळ्या स्वातंत्र्याचं मूळ सरकीत होतं. सरकी भिजवून, वाटून घातली की म्हशीच्या दुधाला लोणी भरपूर येतं, आणि सरकी तर जिनांच्या अंगणात ढिगानं पडलेली. अक्का टोपली घेऊन तिन्ही जिनांत फिरायची. पहिल्या जिनात सांगायची, मधल्या जिनात माप शिगोशीग भरून देतात. मधल्या जिनात जाऊन सांगायची, तिसऱ्यानं वर एक ओंजळ जास्त घातली. मी एकदा म्हटलं, "अक्का, हे धडधडीत खोटं." ती म्हणाली, "खोटं कसं? मी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी खरंच घालतात की. मी फक्त एक दिवस आधी सांगते."

तिन्ही जिनांचे मालक एकमेकांची गाडी पळवायला टपलेले असत, म्हणून कापूस आणणाऱ्या गाडीवानांचा थाट जावयासारखा असायचा. उतरायला मांडव, बैलांना पाण्याची डोणी, वर तंबाखूची चिमूट आणि थंडगार ताक. ते ताक आमच्याकडचं. अक्काचं लोणी खानावळीत जायचं आणि ताकाच्या घागरी तिन्ही जिनांत. गाडीवान म्हणे ताक चाखून जीन निवडत, आणि अक्काला याचा कोण अभिमान होता.

एका वर्षी, ऐन हंगामात, ताक बंद झालं. मिठाच्या सत्याग्रहानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. एकाच सकाळी तिन्ही जिनांतून घागरी जशाच्या तशा परत आल्या. पहारेकरी म्हणाला, "मालक नको म्हणालेत." आम्हाला वाटलं ताक आंबलं. मी चाखून पाहिलं, अक्कानं चाखून पाहिलं, शेजारच्या काकूंना चाखायला दिलं. ताक उत्तम होतं. अक्का उगाच एका म्हशीवर डाफरली.

आठ दिवसांत सगळा रस्ता बदलला. मांडव उतरले, डोण्या कोरड्या पडल्या. मधल्या आणि तिसऱ्या जिनाला कुलपं लागली, स्टेशनाजवळचा मोठा जीन तेवढा धडधडत राहिला. त्याच्या दारापासून गाड्यांची रांग लागली ती थेट आमच्या शाळेपर्यंत. माणसं गाडीखाली सावलीला पडून दिवस काढत. सरकी काढून द्यायचा दर वाढला. कुणी कुरकुर केली तर मुकादम म्हणायचा, परवडत नसेल तर दुसरीकडे जा, आणि दुसरीकडे कुलूप! सरकीचा सगळा ढीग एकाच व्यापाऱ्याला जाऊ लागला, तिथून वॅगनीत भरून तेलाच्या गिरणीला. आमच्यासारख्यांना एका खिडकीतून मिळायची, दर चढा आणि माप सपाट. जास्तीची ओंजळ मागितली तर खिडकीतला माणूस अक्काकडे असा बघायचा, जशी काही तिनं त्याची टोपीच मागितली.

मला राग लवकर येतो. तेव्हाही यायचा, आता तर काय, वयानं परवानाच दिला आहे. मी तिन्ही मालकांना तीन स्वतंत्र पत्रं लिहिली. गाडीवानांचे हाल, कामावरून गेलेल्या बायका, सरकीचं माप, सगळं लिहिलं. तिन्ही उत्तरं आली. आपल्या सूचनेचा योग्य तो विचार होईल, असं तिघांनीही लिहिलं होतं. पोरींच्या वह्या तपासून माझी नजर पक्की झालेली, कोणी कोणाचं बघून लिहिलं ते मला दारातून कळतं. इथं तर बघून लिहायचाही प्रश्न नव्हता, तिन्ही पत्रं एकाच हातानं, एकाच शाईनं लिहिलेली होती.

उलगडा केला तो मधल्या जिनाच्या मालकांनीच, सगळे त्यांना सावकार म्हणत. कुलूप लागल्यावर महिन्याभरात त्यांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी ताक सांगितलं, आणि त्यांना अक्काच्या ताकाची चव ठाऊक. रोज सकाळी स्वतः छत्री घेऊन यायचे, ओसरीवर बसायचे. आधी इंजिनाच्या तेलानं बोटं काळी असलेला माणूस, आता नखं पांढरीशुभ्र. एक दिवस मी सरळ विचारलं, "सावकार, जीन बंद ठेवून तुमचं चालतं कसं?"

"चालतंय की, मास्तरीणबाई," ते ओशाळं हसले. "बंद ठेवायचेच पैसे मिळतात मला. तिघांचा मिळून एक करार झालाय. मोठा जीन चालायचा, आम्ही दोघांनी कुलूप घालून बसायचं, नफ्यात तिघांचा वाटा. कोळसा नको, मजूर नको, कटकट नको."

"मग पोट का बिघडलं?"

"तेच कळंना झालंय. बसून खाल्लेलं पचत नाही बघा." मग एकदम मोकळे होत म्हणाले, "करार मात्र पक्का आहे हं. धारवाडच्या वकिलांनी लिहिलाय. फार हुशार माणूस." आणि त्यांनी नाव घेतलं ते अक्काच्या दिरांचं.

अक्का ताक ओतत होती, ती ओततच राहिली. पेला भरून वाहिला तेव्हा थांबली.

मी त्या दिवशी फार तोंड सोडलं. तुझ्या भावजींनी मुद्दाम केलं, तुला परत न्यायला केलं, असं वाटेल ते बोलले. अक्का म्हणाली, "मुद्दाम करायला त्यांना आधी माझं ताक कुठं जातं ते ठाऊक हवं. त्यांनी कधी विचारलंय?" ते खरं होतं. त्यांनी तीन मालकांचं भलं पाहिलं. त्या कागदाच्या पलीकडे गाडीवान आहे, कापूस भरणारी बाई आहे, म्हैस आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसणार. मी म्हटलं, याला कायदा काही म्हणत नाही का? काही म्हणत नव्हता. पुढं कितीतरी वर्षांनी असल्या मक्तेदारीविरुद्ध आपल्या देशात कायदा आला. ती बातमी मी पेपरात दोनदा वाचली आणि मला आमचं ते परत आलेलं ताक आठवलं.

फाल्गुनात अक्कानं एक म्हैस विकली. उरलेल्या तिघींना पुरेशी सरकी घालणं जमेना, लोणी उतरलं, खानावळवाला दुसरीकडे वळला. माझ्या पगारात दोघी जेमतेम जेवलो असतो, पण अक्काला बहिणीच्या जिवावर जेवायचं नव्हतं. भावजींचं पत्र आलं, अगदी मायेनं लिहिलेलं. पाडव्यानंतरच्या रविवारी न्यायला येतो, आता हट्ट पुरे. अक्कानं उत्तर लिहिलं नाही. तिनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. मी येताजाता तिला ठेचकाळायची आणि दर वेळी पायापेक्षा जास्त काहीतरी दुखायचं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मधल्या सावकारांच्या आईनं पूजेसाठी लोणी मागवलं. सगळा रस्ता त्यांना अव्वा म्हणायचा. अक्काबरोबर मीही गेले होते. अव्वा काळजीत होत्या. त्या कानडीत बोलायच्या, अक्का अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. अव्वांचं म्हणणं असं, की दरवर्षी उगादीला, म्हणजे पाडव्याला, जिनाची पूजा होते, बॉयलर पेटतो, इंजिन फिरतं, भोंगा तीनदा वाजतो. यंदा कुलूप. मुलगा म्हणतो, बाहेरून दाराला हळदकुंकू लाव आणि घरी चल. चालेल का असं?

अक्का लोणी काढून देत होती. मान वर न करता म्हणाली, "दाराची पूजा दाराला पोचंल अव्वा. यंत्राला कशी पोचंल? पाडव्याला जे हललं नाही ते वर्षभर हलत नाही म्हणतात."

अव्वांनी कपाळावर हात मारून घेतला. "हौदु, हौदु," म्हणाल्या, म्हणजे खरंय, खरंय.

अक्का हे भोळेपणानं बोलली की पुढचं ओळखून बोलली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती जाईपर्यंत मी तिला विचारत राहिले. ती म्हणायची, "मी फक्त शास्त्र सांगितलं."

पाडव्याला आमच्या दारात गुढी उभी केली आणि मी कडुलिंबाची पानं वाटत होते. समोर मधल्या जिनाच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला. अव्वांनी मुलाला ऐकवलं होतं तर! थोड्या वेळानं भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. दीड-दोन महिने मुका असलेला तो भोंगा असा काही ओरडला, की आमच्या म्हशींनी माना वर केल्या.

आता हुबळीत जिनात काम करणाऱ्या बायकांच्या घरी घड्याळं नव्हती. भोंगा हेच त्यांचं घड्याळ. भोंगा झाला की कामावर जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पूजेचा भोंगा निराळा आणि कामाचा निराळा, असं यंत्राला थोडंच कळतं? पाचच मिनिटांत वस्तीकडून बायका धावत येताना दिसल्या. कुणाच्या केसांतून न्हाण्याचं पाणी गळतंय, कुणाच्या तोंडात कडुलिंब तसाच. डोक्याला फडकी बांधत, टोपल्या काखेत मारत त्या येत होत्या. एकीनं मला ओरडून विचारलं, "जिन्न चालू आतेनवा?" जीन सुरू झाला का गं, म्हणून. मी काय सांगणार! मी गुढीपाशी पानं टाकून तिच्यामागे पळत सुटले.

बायका धावलेल्या पाहिल्या आणि मोठ्या जिनाच्या रांगेतल्या गाडीवानांनी कान टवकारले. चार-चार दिवस उन्हात खोळंबलेली माणसं ती. पहिली गाडी वळली, तिच्यामागे दुसरी, मग घुंगरांचा एकच कल्लोळ. बघता बघता मधल्या जिनाच्या फाटकापुढं गाड्याच गाड्या झाल्या.

सावकार जरीचा रुमाल बांधून, कपाळाला कुंकू लावून इंजिनघरातून बाहेर आले ते हे पाहून दगड झाले. हातवारे करून सांगायला लागले, "अहो, पूजा आहे, नुसती पूजा! काम नाही!" पण इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकू येतंय? बायका आत शिरून आपापल्या जागी बसल्यासुद्धा. पहिल्या गाडीवरचा म्हातारा शेतकरी उतरला आणि म्हणाला, "सावकार, दर काय?"

सावकारांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. करार मोडला तर बंद ठेवायचे पैसे जाणार, वर भरपाई द्यावी लागणार. आणि दुसरीकडे ते इंजिन, त्यांनी स्वतःच्या हातांनी तेल घालून आत्ताच फिरवलेलं. त्यांचे हात परत काळे झाले होते. तेवढ्यात अव्वा बेवु-बेल्लाचं ताट घेऊन आल्या, कडुलिंब आणि गूळ. कुणाला काही न विचारता त्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं, मग पुढच्याच्या, मग बायकांच्या. आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, उगादीला आपल्या हातचा गूळ खाल्लेलं माणूस दारातून परत पाठवायचं असेल, तर आधी मला पाठव.

सावकार म्हणाले, "दर मागल्या वर्षीचाच." मग इंजिनवाल्याला ओरडून म्हणाले, "बंद करू नको रे! चालू दे!"

जो गलका झाला तो काय सांगू. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अक्का फाटकाच्या बाहेर उभी होती, पदरानं तोंड झाकून. हसत होती की रडत होती देव जाणे. मग म्हणाली, "चल, म्हशी उपाशी आहेत."

त्या आठवड्यात तिसऱ्या जिनाचंही कुलूप निघालं. मधला गाड्या ओढत असताना हा हातावर हात ठेवून किती दिवस बसणार? रांग ओसरली, डोण्यांत पाणी आलं, आणि सरकी देणारा माणूस अक्काला "या बाई" म्हणू लागला. पण आमचा जीव टांगलेलाच होता. मोठ्या जिनाचे मालक दावा लावणार, मधल्याला बुडवणार, असं जो तो बोलत होता. तसं झालं तर पुन्हा कुलपं, पुन्हा सपाट माप. ट्रंक ओसरीवरच होती.

रविवारी भावजी टांगा घेऊन आले. पांढरी टोपी, काळा कोट, घामानं भिजलेले. अक्कानं आधी ताक दिलं. ते पिऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा! हे ताक घरी असताना का मिळत नव्हतं?"

"तिथं म्हशी माझ्या नव्हत्या, भावजी," अक्का म्हणाली. मग ती त्यांच्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "एक विचारू? मधल्या सावकारांवर दावा लागणार का?"

भावजी चपापले. अक्कानं त्यांना सगळं सांगितलं, परत आलेल्या घागरींपासून विकलेल्या म्हशीपर्यंत, आवाज न चढवता. मी मध्ये बोलायला गेले तर माझ्या हाताला चिमटा काढला. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग वकिली आवाज बाजूला ठेवून म्हणाले, "लावता येईल. मोठ्या जिनाच्या मालकांना मी परवाच सांगितलं. पण दावा लावायचा तर करार कोर्टात वाचावा लागेल. जीन बंद ठेवून दर कसा चढवायचा, याचं कलम आहे त्यात, मीच लिहिलंय. ते सगळ्या तालुक्यानं ऐकलं, तर पुढल्या वर्षी त्यांच्या दारात एक गाडी यायची नाही." मग रिकामा पेला खाली ठेवत, "नाही लावणार ते. मीही चालवणार नाही."

अक्कानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

तेवढ्यात दारात दोन माणसं एकदम उभी राहिली. एक मधल्या जिनाचा, एक मोठ्या जिनाचा. दोघांनाही गाडीवानांसाठी ताक हवं होतं, उद्यापासून, रोज, आणि दोघं एकमेकांना कोपरानं मागं सारत होते. माझं डोकं लगेच चाललं. मी अक्काला आत ओढून म्हटलं, "आता आपल्याशिवाय कोण आहे त्यांना? दोघांनाही हो म्हण आणि दर चढव. सगळं सव्याज वसूल कर चांगलं!"

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्गातल्या मागच्या बाकावरची झाले. ती बाहेर गेली, मधल्या जिनाच्या माणसाला हो म्हणाली, आणि मोठ्या जिनाच्या माणसाला सांगितलं, "खालच्या गल्लीत जा. तिथल्या बाईच्या दोन म्हशी आहेत, तीही इतके दिवस ताक ओतून देत होती. चांगलं असतं तिचं ताक."

तो गेल्यावर मी तणतणले. भावजी ऐकत होते याचंही भान मला राहिलं नाही. अक्का म्हणाली, "एकच दार उरलं की ते दार कसं माजतं, बघितलंस की तू. जाईनात का थोडे तिच्याकडे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "मलाही दुसरं दार होतं म्हणून मी आले गं. तुझं."

भावजी उठले. आणखी थोडं ताक मागून घेतलं, उभ्यानंच प्यायले. ट्रंकेकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण टांगेवाल्याला ती उचलायला सांगितली नाही. अक्कानं त्यांच्या हातात लोण्याचं गाडगं दिलं, वाकून नमस्कार केला, आणि टांगा स्टेशनाकडे वळला.

ट्रंक परत माळ्यावर चढवायला मी स्टूल आणलं. अक्का म्हणाली, "राहू दे खालीच. झाकण घट्ट आहे, उंदीर शिरायचा नाही." तिनं आपली लुगडी काढून खुंटीवर टाकली, आणि पुढं ती म्हातारी होईपर्यंत आम्ही त्या ट्रंकेत सरकी भरून ठेवत होतो.